सेवाग्राम : ज्वारीच्या मापाचा दवाखाना

"काका, या शनिवारी आम्ही आमच्या गावाला जाणार आहोत. तुम्ही नक्की या," असा पुतणीचा दूरध्वनी आला, तेव्हा मी क्षणभर गोंधळलो. आमचे गाव तर मराठवाड्यात, बाजारपेठेच्या चौकात. तीन पिढ्यांची धान्याची आडत तिथेच. मग हे 'आमचे गाव' कोणते? ती हसून म्हणाली, "इथे आम्हाला प्रत्येकाला एक गाव मिळते. ते बघायलाच बोलावते आहे."

पुतणी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने हे महाविद्यालय निवडले, तेव्हा घरात नाराजी होती. पुण्या-मुंबईची मोठी नावे सोडून ही मुलगी खेड्यात जाऊन काय शिकणार, असे मीच सर्वांत मोठ्याने म्हणालो होतो. त्या बोलण्याचे थोडे ओझे मनावर होते. म्हणून दुकान भावावर सोपवले आणि वर्ध्याची गाडी धरली.

वर्धा शहरापासून सेवाग्राम अवघे आठेक किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, तूर आणि सोयाबीन. पूर्वी या गावाचे नाव शेगाव होते. गांधीजी १९३६ मध्ये येथे राहावयास आले. बुलढाणा जिल्ह्यातील प्रसिद्ध शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल तिकडे जाऊ लागले, तेव्हा १९४० मध्ये 'सेवाग्राम' हे नाव रूढ झाले. आश्रमात आदि निवास, बा कुटी, बापू कुटी या मातीच्या भिंतींच्या आणि कौलारू छपरांच्या वास्तू आजही उभ्या आहेत. मला अधिक वेळ थांबावेसे वाटले ते परचुरे कुटीपाशी. महारोगाने पीडित असलेल्या परचुरेशास्त्री या संस्कृत पंडितांना गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतले होते. ज्या काळी अशा रुग्णाची सावलीही लोक टाळत, त्या काळी ते स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश करीत. येथील वैद्यकीय सेवेचे बीज कोणत्या मातीत रुजले, हे ती कुटी पाहिल्यावर निराळे सांगावे लागत नाही.

कस्तुरबांचे निधन २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान महालात, कैदेत असतानाच झाले. त्यांच्या स्मरणार्थ डॉ. सुशीला नायर यांनी येथे स्त्रिया व मुले यांच्यासाठी एक लहानसे रुग्णालय सुरू केले. सुशीलाबहेन गांधीजींच्या वैद्य म्हणून त्यांच्यासोबत राहिल्या होत्या. पुढे त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेतले आणि १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्यांनी याच कस्तुरबा रुग्णालयाच्या आधाराने वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. प्रारंभी ते नागपूर विद्यापीठाशी संलग्न होते. आज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी आहे. अभ्यासक्रम विद्यापीठाचाच, परंतु डॉक्टर घडवावयाचा तो खेड्यासाठी, आणि म्हणून खेड्याच्या सहवासात, हा येथील आग्रह.

प्रवेश मिळताच विद्यार्थ्यांचे पहिले दिवस आश्रमातील शिबिरात जातात. प्रार्थना, श्रमदान, सूतकताई, स्वतःचे ताट स्वतः धुणे. नंतरही खादी वापरावी, मांसाहार, मद्य व तंबाखू वर्ज्य असावीत, असा संस्थेचा आचारधर्म आहे. घरापासून दूर जाणाऱ्या मुलीच्या भोजनाची चिंता आपल्या घरांत केवढी असते, हे वाचकांना सांगावयास नको. ती चिंता येथे आपोआप मिटली होती. खादीच्या साध्या पोशाखात पुतणी समोर आली, तेव्हा मला ती एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

'आमच्या गावा'चा उलगडा वाटेत बसमध्ये झाला. विद्यार्थ्यांची प्रत्येक नवी तुकडी वर्धा परिसरातील एक खेडे दत्तक घेते. पहिल्याच वर्षी सारे विद्यार्थी शिक्षकांसह पंधरा दिवस त्या गावात मुक्काम करतात. प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच कुटुंबे येतात. घरात माणसे किती, पाणी कोठून येते, शौचालय आहे का, मुलांची वजने किती, गरोदर स्त्री आहे का, कोणाला जुना खोकला आहे का, याची नोंद तो विद्यार्थी करतो. शिबिर संपले तरी नाते संपत नाही. पुढील वर्षांतही ठरलेल्या दिवशी विद्यार्थी त्याच घरांत परत जातात. कोणाला रुग्णालयात न्यावे लागले तर तेथेही सोबतीला उभे राहतात. वैद्यकाच्या पुस्तकात रोग असतो, पण या घरांत माणूस भेटतो, असे पुतणी म्हणाली. तिच्या वयाच्या मानाने ते वाक्य मला जरा भारदस्त वाटले. अर्ध्या तासात मात्र त्याचा अर्थ समोर आला.

गावाचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही. शेणाने सारवलेल्या अंगणात एका बाईंनी आम्हाला बाज टाकून दिली. "बसा जी," म्हणत पाणी दिले. पुतणी मात्र बसली नाही. सरळ आत गेली आणि गोळ्यांची डबी घेऊन बाहेर आली. त्या बाईंच्या रक्तात लोह फार कमी होते. मागील भेटीत लोहाच्या गोळ्या दिलेल्या होत्या. डबीत त्या जवळजवळ तशाच होत्या. माझी पुतणी रागावेल, असे मला वाटले. ती खाली जमिनीवर बसली आणि तिने फक्त विचारले, "मावशी, काय झाले?"

बाई आधी संकोचल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "शौचाले काळी होऊ लागली ना. मले वाटलं, पोटात काही बिघडलं. म्हून सोडल्या."

लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्यात भय नाही. हे एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. पुतणीने ते सांगितले. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर कधीही घेऊ नये, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. त्याऐवजी लिंबू पिळलेले पाणी घ्यावे, हेही समजावले. वहीत नोंद केली. निघताना बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शेठजी, हे पोरगी पुन्हा आली नसती, तं मी कोणाले इचारलं असतं?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. मला मात्र तो सात वर्षे मागे घेऊन गेला.

सात वर्षांपूर्वी वडिलांच्या स्मरणार्थ आम्ही आमच्या तालुक्यातील एका वस्तीवर आरोग्य शिबिर घेतले होते. मंडप, ध्वनिक्षेपक, शहरातून आणलेले डॉक्टर, पाहुण्यांचे सत्कार. एका दिवसात शेकडो लोक तपासले गेले, पिशव्या भरून औषधे वाटली गेली, छायाचित्रे छापून आली. वर्षभराने धान्याच्या उधारीसाठी मी त्याच वस्तीवर गेलो होतो. एका घरी ओसरीवर बसलो असता भिंतीतल्या कोनाड्यात मला आमच्या शिबिरातल्या गोळ्यांची पाकिटे दिसली. धूळ बसलेली, न उघडलेली. आमच्या दुकानाचे नाव छापलेली पिशवीही तशीच. मी त्या घरच्या आजींना काही विचारले नाही. खरे सांगायचे तर, मनातल्या मनात त्यांनाच दोष दिला : फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नसते, असा आपल्या व्यापारी मनाचा नेहमीचा निवाडा देऊन मी परतलो. त्या गोळ्या लोहाच्याच होत्या. कदाचित त्या आजींनाही दोन दिवसांत तेच भय वाटले असेल. विचारावयाचे होते, पण कोणाला? आमचा मंडप तर त्याच संध्याकाळी उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरबा रुग्णालयाच्या आवारात एक वृद्ध शेतकरी भेटले. पत्नीला दाखल केले होते. मी धान्याचा व्यापारी आहे असे कळताच ते मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, "मंग तुमाले पटन हे. आमी इथं ज्वारी भरून दवाखाना घेतला हाय."

त्यांनी सांगितलेली हकिकत, आणि नंतर पुतणीच्या शिक्षकांकडून समजलेली तिची बाजू, मी येथे एकत्र मांडतो. या रुग्णालयातील डॉ. उल्हास जाजू व त्यांचे सहकारी अनेक दशकांपूर्वी परिसरातील खेड्यांत जाऊ लागले. गरिबाला आजारपण येते, तेव्हा त्याच्या हाती रोकड नसते. सुगीच्या वेळी मात्र घरात धान्य असते. म्हणून त्यांनी गावकऱ्यांसमोर एक योजना ठेवली. सुगी झाली की प्रत्येक कुटुंबाने आरोग्यासाठी ज्वारी द्यावी. भूमिहीनाने ठरलेले किमान माप द्यावे. ज्याच्याकडे जमीन असेल त्याने एकरांच्या प्रमाणात अधिक द्यावे. मोबदल्यात वर्षभर त्या कुटुंबाचा विमा. अचानक ओढवलेल्या आजारासाठी रुग्णालयात उपचार विनामूल्य. आधीपासून माहीत असलेल्या, सावकाश करता येणाऱ्या उपचारांसाठी बिलात सवलत. देणे ऐपतीप्रमाणे आणि घेणे गरजेप्रमाणे, असा हा हिशेब.

यात आणखी एक अट होती, आणि ती ऐकून मी आडत्याच्या नात्याने मनोमन दाद दिली. गावातील सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबे सामील झाली, तरच त्या गावाला योजना लागू व्हायची. कारण उघड आहे. फक्त आजारी माणसेच वर्गणी भरू लागली, तर कोणतीही पेढी बुडेल. निरोगी आणि रोगी, सधन आणि निर्धन एकत्र आले, तरच माप भरते. ही अट पुरी करण्यासाठी गावाला सभा भरवावी लागे, शेजाऱ्याला समजवावे लागे, आरोग्यसेविका कोण असावी हे ठरवावे लागे. त्या सभेत डॉक्टरांनाही बसून ऐकावे लागे. "दवाखान्यात कोनी नीट बोललं नाई, तं आमी सभेत सांगत होतो," ते वृद्ध म्हणाले, "आमची ज्वारी होती ना त्याच्यात."

मी रुग्णालयाच्या ओट्यावर बराच वेळ त्या शेवटच्या वाक्याचा विचार करीत बसलो. एवढ्या ज्वारीत मोठे रुग्णालय चालत नाही, हे हिशेबनीस म्हणून मला ठाऊक आहे. त्याचा बहुतांश भार शासनाच्या अनुदानावर आणि देणग्यांवरच असतो. मग त्या मापाचे मोल काय? मोल हे, की त्यामुळे गावकरी याचक राहत नाही, भागीदार होतो. याचक तक्रार करीत नाही. तो गोळ्या कोनाड्यात ठेवून गप्प बसतो. भागीदार विचारतो, हिशेब मागतो, आणि त्याच्या विचारण्यामुळेच डॉक्टरला परत यावे लागते. आपल्या दुकानात भागीदाराला आपण वही दाखवितो, गिऱ्हाईकाला केवळ पावती देतो. त्या वस्तीला आम्ही तर पावतीही दिली नव्हती.

आता विदर्भात ज्वारीचा पेरा पूर्वीसारखा राहिलेला नाही. सोयाबीन आणि कपाशीने शिवार व्यापले आहे. विम्याची वर्गणीही आता पैशांत घेतली जाते. मापे बदलली, पण वाट्याचे तत्त्व त्या वृद्धांच्या बोलण्यात अजून ताजे होते.

आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांना मोठे स्थान आहे. औषधदानात आपली घराणी कधी मागे राहिली नाहीत, आणि राहू नयेत. पण औषधाबरोबर अभयही द्यावे लागते, हे मला सेवाग्रामला उमगले. काळ्या शौचाला भ्यालेल्या त्या मावशींना गोळ्या आधीच मिळाल्या होत्या. पुतणीने दिले ते अभय. ते एका दिवसाच्या मंडपातून देता येत नाही. त्यासाठी पुन्हा जावे लागते, आणि आपण पुन्हा येणार हे समोरच्याला ठाऊक असावे लागते.

परतीच्या गाडीत बसवायला पुतणी आली होती. मी तिला म्हणालो, "तू हे कॉलेज निवडलेस तेव्हा मी चुकीचे बोललो होतो." ती लाजली. मग व्यवहारी सुरात म्हणाली, "काका, पुढच्या शिबिराआधी तुमच्या तालुक्याजवळच्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामाजिक वैद्यक विभागाला विचारा. विद्यार्थ्यांना गाव हवेच असते. तुम्ही जाण्यायेण्याची आणि औषधांची सोय करा. पण आधी गावाला विचारा."

घरी आल्यावर भावांशी बोललो. वडिलांच्या पुण्यतिथीचे शिबिर यंदा होणार नाही. त्या रकमेतून काय करावयाचे ते अजून ठरलेले नाही, कारण ते एकट्या आम्ही ठरवावयाचे नाही. येत्या अमावास्येला दुकान बंद असते. त्या दिवशी आम्ही दोघे भाऊ त्या वस्तीवर जाणार आहोत. सोबत मंडप नाही, पिशव्या नाहीत. प्रथम त्या आजींच्या ओसरीवर बसावयाचे आहे, आणि सहा वर्षांपूर्वी विचारावयाचा राहिलेला प्रश्न विचारावयाचा आहे : "आजी, त्या गोळ्या घेतल्या नाहीत, त्या का?"