नजरेआडची काळजी

दया आणि शिस्त यांचें वैर आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. जो दयाळू तो हाताखालच्या माणसांच्या चुका पोटांत घालणारा, आणि जो शिस्तीचा तो कठोर अंतःकरणाचा, असे दोन वर्ग पाडून आपण मोकळे होतों. विद्यार्थीही शिक्षकांची अशीच वांटणी करितात, हें आम्ही जाणून आहोंत! परंतु रुग्णालयांतील मुख्य परिचारिकेचें काम लक्षपूर्वक पाहिलें म्हणजे ही समजूत टिकत नाहीं.

१८५४ सालीं नोव्हेंबर महिन्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल या ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानांतील स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत पोंचल्या. क्रिमियाच्या युद्धांतील आजारी व जखमी शिपाई तेथें घाणींत खितपत पडले होते. रात्रीं हातांत दिवा घेऊन रुग्णांमधून फिरणारी स्त्री, हें बाईंचें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. पण स्वयंपाकघर, कपड्यांची धुलाई, सामानाचा पुरवठा यांची घडी बसविणाऱ्या बाई त्याच होत्या. १८५५ च्या मार्चमध्यें सरकारनें पाठविलेल्या आरोग्य-मंडळानें गटारें साफ करून मोकळी हवा आंत आणिली. फेब्रुवारींत शेंकडा सुमारें ४२ असलेलें मृत्यूचें प्रमाण जूनपर्यंत शेंकडा सुमारें २ वर आलें. १८५९ सालीं बाईंनीं रुग्णसेवेवर एक पुस्तक लिहिलें. त्यांत व्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचें सार असें कीं, आपण हजर असतांना जें नीट होतें तें आपल्या गैरहजेरींतही नीट होईल अशी तजवीज करणें, हेंच खरें व्यवस्थापन.

या विचाराचा अर्थ आम्हांस पुस्तकापेक्षां आमच्या मातोश्रींच्या आजारांत अधिक उमगला. कांहीं वर्षांपूर्वीं त्या एका रुग्णालयांत होत्या. एके सायंकाळीं त्यांचें इंजेक्शन दीड तास उशिरां मिळालें. आमचे धाकटे बंधु संतापून तेथील तरुण परिचारिकेस वाटेल तें बोलूं लागले. ती रडकुंडीस आली. इतक्यांत वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर तेथें आल्या. त्यांनीं प्रथम मातोश्रींची नाडी व ताप पाहिला, डॉक्टरांना कळविलें आणि मग आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, “उशीर आमच्याकडून झाला आहे. तुमचें विचारणें रास्त आहे. पण तिला नको, मला बोला.”

नंतर त्यांनीं त्या मुलीस विचारलें, “सकाळपासून कांहीं खाल्लेंस का?” बदलीची परिचारिका न आल्यानें ती सलग दुसऱ्या पाळीला उभी होती. सिस्टरांनीं तिला जेवावयास धाडलें आणि वॉर्डाचें काम स्वतः पाहिलें. ती परत आल्यावर मात्र झालेली चूक त्यांनीं तिच्याकडून तिच्याच अक्षरांत वहींत लिहवून घेतली. “ही शिक्षा नव्हे,” त्या म्हणाल्या, “लपविलेंस तर उद्यां दुसरीच्या हातून हेंच होईल.” दुसऱ्या दिवशीं भिंतीवर एक कागद लागला: बदलीचें माणूस न आल्यास कोणास कळवावें व मदत कोणत्या वॉर्डांतून मागवावी.

पुढच्या रविवारीं सिस्टर सुटीवर होत्या. बदलीची परिचारिका त्या दिवशींही आली नाहीं. पण शेजारच्या वॉर्डांतून मदत आली आणि मातोश्रींचें इंजेक्शन अगदीं वेळेवर मिळालें. सिस्टरांची दया त्या दिवशीं भिंतीवरच्या कागदांत होती, असें आम्हांस वाटलें. मातोश्री बऱ्या होऊन घरीं आल्या. ‘ती पोर आतां वेळेवर जेवते कीं नाहीं?’ असें त्या अद्यापि विचारतात.

पालकांस आमची एक विनंती आहे. आपलें माणूस रुग्णालयांत असतां उशिराचें कारण अवश्य विचारावें. परंतु समोरची परिचारिका किती वेळ उभी आहे, हेंही पाहावें. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी वर्गनायक आहेत, कोणी संघनायक आहेत. तुमच्या हाताखालच्या मुलाची चूक झाली तर तीवर पांघरूण घालूं नका, आणि त्याला चारचौघांत फजितही करूं नका; ती कां झाली हें शोधून वाट दुरुस्त करा. मग एखादे दिवशीं तुम्ही शाळेंत नसलांत तरी वर्गांतल्या दुबळ्या मुलाला कोणी तरी हात देईल.