दोन बोली

लहानपणी आमच्या गावात ‘लिलाव’ हा शब्द हलक्या आवाजात उच्चारला जाई. कुणाच्या तरी दारापुढे दवंडी पिटली जाई, तांब्यापितळेची भांडी ओसरीवर मांडली जात आणि ‘एकवार, दोनवार’ असे पुकारे सुरू झाले की त्या घरची माणसे माजघरात जाऊन बसत. लिलाव म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर येणे, एवढाच त्याचा अर्थ मला ठाऊक होता. पुढे चित्रांच्या लिलावांच्या वार्ता वाचू लागलो तेव्हा हा शब्द अभिमानाचा झाला असल्याचे ध्यानात आले. तरीही तो वाचताना माजघरातली ती माणसे आठवतात.

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘क्रिस्टीज’च्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरना, म्हणजे जवळजवळ ११८ कोटी रुपयांना विकले गेले. आधुनिक भारतीय चित्राला तोवर लिलावात एवढी किंमत आली नव्हती. सुमारे १४ फूट लांबीच्या या चित्रात १३ चौकटींतून खेड्यातले जगणे मांडलेले आहे. १९५४ मध्ये दिल्लीत आलेल्या एका परदेशी डॉक्टरांनी ते विकत घेतले, नॉर्वेला नेले आणि पुढे ऑस्लोच्या एका रुग्णालयाला देऊन टाकले. तेथे ते कित्येक दशके शांतपणे टांगलेले होते. पंढरपुरात जन्मलेल्या आणि मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेल्या माणसाच्या हातचे ते काम. त्या दिवशी अनेक स्नेह्यांनी मला दूरध्वनी करून आनंद व्यक्त केला. मला मात्र त्या आनंदात सहभागी होता येईना.

त्याचे कारण १९९६ सालात आहे. त्या वर्षी भोपाळच्या एका हिंदी मासिकाने हुसेन यांचे सरस्वतीचे एक जुने रेखाटन छापून वाद उभा केला. ते रेखाटन १९७० च्या दशकातले. दोन दशके ते कुणाला खुपले नव्हते. १९९१ मध्ये शासनाने या चित्रकाराला ‘पद्मविभूषण’ने गौरविले होते, आणि पाचच वर्षांनी त्याच्यावर खटले भरले जाऊ लागले. मी त्या वेळी एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचा संपादक होतो. मुखपृष्ठासाठी हुसेन यांच्या घोड्याचे एक रेखाचित्र आम्ही आधीच निवडले होते. त्या घोड्यात कुणाची भावना दुखावण्यासारखे काहीही नव्हते. मला कुणी दम दिला नव्हता, प्राचार्यांनी बोलावले नव्हते. मीच ते काढून टाकले आणि तेथे वेलबुट्टी घातली. एका विद्यार्थिनीने कारण विचारले तेव्हा ‘छपाईत ते नीट उठणार नाही’ असे मी सांगितले.

१९९८ मध्ये हुसेन यांच्या मुंबईतील घरावर हल्ला झाला. २००६ मध्ये तर वादाचे निमित्त एक लिलावच ठरला. काश्मीरच्या भूकंपग्रस्तांच्या साहाय्यार्थ मांडलेल्या चित्रांत त्यांचे एक चित्र ‘भारतमाता’ या नावाने आले. ते त्यांनी पूर्वीच विकलेले होते. लिलावाशी त्यांचा संबंध नव्हता. तरी त्यांनी क्षमा मागितली. ठिकठिकाणी फिर्यादी झाल्या. त्यांतली एक पंढरपुरातली होती. नव्वदी गाठलेल्या या माणसाने देश सोडला. १९९६ आणि २००६ या दोन्ही वेळी सत्तेवरचे पक्ष निरनिराळे होते, हे विसरता कामा नये. ज्याला दुखापत वाटली त्याने लिहावे, बोलावे, निषेध करावा. तो त्याचा अधिकारच आहे. परंतु बोलणाऱ्याचे रक्षण करण्याऐवजी त्यालाच गप्प राहण्याचा सल्ला देणे शासनांना अधिक सोयीचे वाटू लागले, हा बदल सर्वपक्षीय होता.

मराठीत ‘बोली’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. लिलावात लावतात ती बोली, आणि माणूस बोलतो ती बोली. २००८ हे वर्ष पाहावे. मार्चमध्ये न्यूयॉर्कला हुसेन यांच्या महाभारत-मालिकेतील एका चित्राला सुमारे १६ लाख डॉलर मिळाले. मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटले रद्द केले. नव्वदीतल्या चित्रकाराने आपल्या घरी राहून चित्रे रंगवावीत, अशा आशयाचे उद्गार निकालपत्रात आहेत. आणि ऑगस्टमध्ये दिल्लीत भरलेल्या मोठ्या कलामेळ्यात त्यांचे एकही चित्र मांडण्याचे धैर्य झाले नाही. एक बोली चढत होती, दुसरी बंद पडत होती. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले. २०११ मध्ये लंडनला त्यांचा अंत झाला.

‘आता समाजाने त्यांना स्वीकारले’ असे ११८ कोटींकडे बोट दाखवून म्हटले जाते. पण त्या विक्रीच्या दोनच महिने आधी दिल्लीतल्या एका न्यायालयाने त्यांची दोन चित्रे जप्त करण्याचा आदेश दिला होता. जूनमध्ये मुंबईत त्यांच्या २५ चित्रांचा लिलाव झाला तो पोलीस बंदोबस्तात. लिलावाच्या दालनात कुणाला भूमिका घ्यावी लागत नाही, केवळ हात वर करावा लागतो. आणि ज्या चित्रकाराच्या चित्रांवर बोली लागत असते तो आता नवे काही काढून कुणाला अडचणीत टाकणार नसतो. किंमत वस्तूला मिळते. स्वातंत्र्य जिवंत माणसाला हवे असते, आणि ते त्याच्या हयातीतच द्यावे लागते.

तो वार्षिकांक अजून माझ्या कपाटात आहे. त्यात ‘आधुनिक चित्रकलेतील रेषा’ या विषयावर माझाच एक लांबलचक लेख आहे. हुसेन यांचे नाव त्यात तीनदा येते, त्यांच्यावरील खटल्यांचा उल्लेख एकदाही येत नाही. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून राहून गेले. छपाईत काहीच अडचण नव्हती. मी भ्यालो होतो.