राखण

राखणदाराच्या कामाला दोन बाजू असतात. तो आतल्याला बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरच्याला आत येऊ देत नाही. प्राणिसंग्रहालयाच्या कुंपणाशी उभे राहिलो की आम्हांला पहिलीच बाजू बोचत असे. राणीच्या बागेत बालपणी पाहिलेल्या गजांआडच्या हरणांना बसण्याउठण्यापुरती जागा होती, धावण्यापुरती नव्हती.

२०१९च्या उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडला गेलो असता तिने आम्हां उभयतांस व्हिप्सनेडला नेले. बेडफर्डशरमधील चुनखडीच्या टेकड्यांवर सुमारे ६०० एकरांत पसरलेले हे प्राणिसंग्रहालय १९३१ साली लोकांस खुले झाले. मोठ्या प्राण्यांना शहराबाहेर मोकळे रान मिळावे, हा त्यामागील हेतू. तेथील कुरणात रुंद खुरांची, लांब शेपटीची तांबूस हरणे चरत होती. फलकावर नाव होते, 'पेर डेव्हिडचे हरीण'. फ्रेंच भाषेत 'पेर' म्हणजे फादर, असे मुलीने सांगितले आणि आमचे कुतूहल जागे झाले.

फादर आर्मां दाविद हे संत विन्सेंट डी पॉल यांच्या संघाचे फ्रेंच मिशनरी. १८६५ साली पेकिंगच्या दक्षिणेस असलेल्या बादशाही शिकारखान्याच्या भिंतीवरून त्यांनी आत डोकावून पाहिले, तेव्हा त्यांना हा कळप दिसला. शिंगे हरणाची, खूर गाईचे, शेपटी गाढवाची, तोंड घोड्याचे आणि तरी या चौघांपैकी कोणीच नाही, अशी चिनी लोकांत त्याची ओळख. हा दलदलीतला प्राणी. रानातून तो शेकडो वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता. फादरांनी खटपटीने कातडी मिळवून पॅरिसला पाठविली. पुढे काही जिवंत हरणेही युरोपात पोहोचली.

१८९०च्या दशकात महापुराने ती भिंत फोडली. बाहेर पडलेली हरणे भुकेल्या लोकांनी मारून खाल्ली. उरलेली १९००च्या धामधुमीत सैनिकांच्या हाती लागली. उपाशी माणसाला दोष देण्यास आमची जीभ धजत नाही. पण त्यानंतर चीनमध्ये ही जात जवळजवळ संपलीच. इंग्लंडात बेडफर्डच्या ड्यूकने युरोपातील ठिकठिकाणची १८ हरणे वोबर्नच्या आपल्या विस्तीर्ण बागेत एकत्र आणली होती. आजची सारी हरणे त्यांचीच संतती.

यावरून आमच्यांत वाद झाला. एकाचे म्हणणे, कुंपण कितीही दूर नेले तरी ते कुंपणच. दुसऱ्याचे म्हणणे, भिंत नसती तर फादरांना पाहावयास काय उरले असते? वाद मिटला तो पुढील हकीकत कळल्यावर. १९८५ साली वोबर्नची हरणे पेकिंगच्या त्याच जुन्या शिकारखान्यात परत गेली. १९८६ साली ब्रिटनमधील प्राणिसंग्रहालयांतून आणखी ३९ हरणे चीनच्या किनाऱ्यावरील दाफेंगच्या पाणथळीत पोहोचली. आता तेथे त्यांची संख्या हजारोंवर गेली असून काही कळप कुंपणाबाहेरही हिंडतात.

मोठे कुरण म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे आम्हांला अजूनही वाटते. पण दुसऱ्याची ठेव सांभाळण्याची ती जागा होऊ शकते. ठेव परत करण्याची वेळ आली, तेव्हा तिकडे दलदल शिल्लक होती, हेही तितकेच महत्त्वाचे. ती बुजवून टाकली असती, तर इकडचे फाटक उघडून उपयोग काय होता?