काळ्या दगडाचा कस

डोंगरवाटेवर हाती आलेला काळा दगड अपेक्षेपेक्षा जड लागला, की माणसाच्या मनात प्रथम उल्का येते, मग लोखंड. बहुधा तो दोन्हींपैकी काहीच नसतो. महाराष्ट्रातील सह्याद्रीचा काळा कातळही टांगलेल्या लोहचुंबकाला किंचित ओढतो, कारण त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण विखुरलेले असतात. महाबळेश्वराच्या आसपास धावड लोक पूर्वी लोखंड गाळत. अशा भट्ट्यांतून निघणारा कीटही काळा आणि कधी चुंबकाला चिकटणारा असतो, परंतु त्यात बुडबुड्यांची भोके दिसतात. चुंबकीय लोहखनिज विपुल पाहायचे तर कर्नाटकातील कुद्रेमुख गाठावे.

सांगलीकडील लोखंडी सामानाचे एक जुने व्यापारी कारकळच्या बाहुबलीचे व वरंगच्या तळ्यातील बसदीचे दर्शन घेऊन कुटुंबासह तिकडे गेले होते. कुद्रेमुख हे 1987 पासून राष्ट्रीय उद्यान. तेथील वाटेवरचा दगड उचलून आणणे बरे नव्हे, हे नातवाला आधीच बजावलेले होते. शिखराकडून परतल्यावर त्याने मुक्कामाच्या घरापुढील बांधातला एक पट्टेदार दगड यजमानांना विचारून काढला.

"आजोबा, हे लोखंड ना? फोडून बघू या?"

"फोडायचे कशाला? न फोडता कळते."

पृथ्वीकायाच्या भेदांत लोह, तांबे यांची नावे येतात, हे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाकडून दुसरे उत्तर येणे कठीणच होते.

आजोबांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक लहान चुंबक असे. पितळेचा म्हणून आलेला नळ आतून लोखंडाचा तर नाही ना, हे पाहण्याची ती दुकानातली सवय. चुंबक दगडाला चटकन चिकटला. हेमटाइट, म्हणजे तांबडे लोहखनिज, साध्या चुंबकाला असा प्रतिसाद देत नाही. दुसरी परीक्षा रेघेची. चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी बिनचकाकीची खरखरीत कडा असते. तिच्यावर दगडाचा काळा पट्टा घासला. रेघ काळी उमटली. हेमटाइटची रेघ तांबूस तपकिरी येते, मग दगड वरून कितीही काळा दिसो. हा दगड उलट बाहेरून गंजून तांबूस झाला होता. वरच्या रंगावरून माल घेणारा फसतो, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

तिसरी परीक्षा वजनाची, आणि येथे आजोबा खरे रंगले. प्रवासी सामान तोलण्याचा आकड्याचा काटा बरोबर होताच. दोरीने टांगलेला दगड हवेत 1440 ग्रॅम भरला. बादलीतील पाण्यात पूर्ण बुडवल्यावर 1040. घट 400 ग्रॅम, म्हणजे दगडाचे आकारमान 400 घनसेंटिमीटर. भागाकार 3.6 आला आणि नातू हिरमुसला. शुद्ध मॅग्नेटाइट पाण्याच्या 5.2 पट जड असते, हे त्याला ठाऊक होते.

"मिश्रमाल आहे. हिशेब कर."

काळ्या पट्ट्यांमधले फिकट पट्टे गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे. ते पाण्याच्या 2.65 पट जड. संपूर्ण दगड गारेचा असता तर 1060 ग्रॅम भरला असता. वरचे 380 ग्रॅम मॅग्नेटाइटमुळे. दर घनसेंटिमीटरला फरक 2.55, म्हणून मॅग्नेटाइट सुमारे 149 घनसेंटिमीटर, वजनाने 775 ग्रॅम. त्यात लोह शंभरात 72. म्हणजे अख्ख्या दगडात साधारण 39 टक्के. खाणीतल्या खनिजाचा कसही जवळपास एवढाच होता. एक काटा आणि एक बादली यांवर इतके जमावे, हे काही थोडे नव्हे.

नातवाने वहीत 775 लिहून खाली रेघ मारली. आजोबांनी त्याच्याकडून दुसरा आकडा लिहवून घेतला: 665. "हा अर्धा माल कुठे गेला, ते विचार."

कुद्रेमुख लोहखनिज कंपनी 1976 साली स्थापन झाली. खनिज पीठासारखे दळून पाण्यात कालवत, चुंबकाच्या साहाय्याने काळे कण वेगळे काढत आणि तो रबडा नळातून घाटाखाली मंगळूरला पोहोचवत. उरलेली वाळू व गाळ मात्र डोंगरातच राही; तो अडवण्यासाठी लक्या ओढ्यावर धरण बांधले गेले आणि एक दरी गाळाने भरत गेली. याच डोंगररांगेत तुंगा, भद्रा आणि नेत्रावती यांचे उगम. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 मधील निर्णयानुसार 2005 अखेर खाण बंद झाली.

"मग चांगले झाले ना, आजोबा?"

आजोबा लगेच बोलले नाहीत. खिळे, सळ्या, पत्रे यांवर त्यांचे घर तीन पिढ्या उभे होते, आणि खाणीवर जगणाऱ्या वसाहतीतली बंद घरे त्यांनी सकाळीच पाहिली होती. "नद्यांचे चांगले झाले," ते म्हणाले. "आपण विकतो ते लोखंड मात्र अजून कुठल्यातरी डोंगरातूनच येते. त्या डोंगराचा 665 चा आकडा आपल्या वहीत नसतो."

नातवाने दगड पुसून बांधातल्या त्याच खाचेत बसवला. कपाची काळी रेघ धुऊन काढून दोघे सूर्यास्ताच्या आत जेवायला आत गेले.