बल्लारशाचे पाणी

बल्लारशा हे उतरायचे स्टेशन आहे, असे उत्तर-दक्षिण प्रवास करणाऱ्या मंडळींना सहसा वाटत नाही. गाडी इथे ऐसपैस थांबते, लोक चहा पितात, बाटल्या भरून घेतात, भिंतीवरच्या वाघाबरोबर फोटो काढतात आणि वर्धा नदी ओलांडून तेलंगणात निघून जातात. भिंतीवरचे वाघ मात्र खरेच पाहण्यासारखे आहेत. २०१८ साली रेल्वेच्या स्टेशन-सजावट स्पर्धेत चंद्रपूर आणि बल्लारशा या जोडीने देशात पहिला नंबर मिळवला, तो या ताडोब्याच्या चित्रांमुळे.

मी मात्र इथे उतरायलाच आलो होतो, आणि तेही मे महिन्यात. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात जाणाऱ्या माणसाकडे आपल्याकडची मंडळी जरा कीव करूनच पाहतात. नागपूरला ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस धरली. हिंगणघाट, वरोरा, भांदक मागे पडले. चंद्रपूर सोडल्यावर खिडकीतून येणारा वारा भट्टीचे दार उघडल्यासारखा लागू लागला. बल्लारपुरात माझी भाची दिलेली आहे. तिला मुलगी झाली होती, सहा आठवड्यांची. मामाआजोबा होण्याचा मान काही उन्हासाठी पुढे ढकलता येत नाही!

स्टेशन बल्लारशा आणि गाव बल्लारपूर. दोन्ही नावे एकाच गोंड राजाची. खांडक्या बल्लाळशाह त्याचे नाव. अंगावर खांडके उठलेली, म्हणून तो खांडक्या. राणीच्या सल्ल्याने तो सिरपूर सोडून या नदीकाठी राहायला आला. पुढे शिकारीला गेला असता तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका डबक्याचे पाणी तो प्यायला, तोंडहात धुतले, आणि रात्रीत त्याची व्याधी गेली. त्या जागी अचलेश्वराचे देऊळ झाले, आणि पुढे चांद्याची राजधानी वसली. कथा खरी किती, ते इतिहासकार जाणोत. पण एका आजारापासून आणि घोटभर पाण्यापासून सुरू होणारे हे गाव माझ्या फार ओळखीचे आहे.

कारण माझे बालपण इथल्याच रेल्वे क्वार्टर्समध्ये गेले. वडील रेल्वेत होते. त्या वेळी गावात दोन वास कायमचे वस्तीला होते. एक सागाच्या डेपोचा, दुसरा बांबूपासून कागद करणाऱ्या गिरणीचा. १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीची ही गिरणी साऱ्या मुलखाचा बांबू गिळत असे. आम्ही भावंडे ट्रकवरच्या बांबूंची संख्या मोजण्याचा खेळ खेळायचो. माझा धाकटा भाऊ बाळू अजून मोजता न येणारा, दीड वर्षाचा. तो नुसत्या टाळ्या वाजवी.

१९६४ सालच्या पौषात बाळूला उलट्या सुरू झाल्या. मग ताप, मग पाण्यासारखे जुलाब. घरात वडीलधाऱ्यांचे एकमत झाले की पाणी दिले तर जुलाब वाढतील. तेव्हा घरोघरी असेच मानीत. बाळू फुलपात्राकडे हात करी आणि आई फुलपात्र पदराआड घेई. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचे डोळे खोल गेले. तिसरा दिवस त्याने पाहिला नाही. त्यानंतर आई जगली तोवर, घरात झोपलेल्या प्रत्येक लेकराच्या उशाशी रात्री पाण्याचे फुलपात्र भरून ठेवीत असे. का, ते आम्ही कधी विचारले नाही.

बाळूला काय झाले होते, ते आज कोणी सांगू शकणार नाही. पण त्या वर्षी डॉक्टरांनाही एक गोष्ट ठाऊक नव्हती. १९७३ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मुलांच्या इस्पितळात रूथ बिशप या संशोधिकेने जुलाबाने आजारी पडलेल्या मुलांच्या आतड्याचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात चाकासारखे गोल विषाणू भरलेले होते. लॅटिन भाषेत चाकाला रोटा म्हणतात, म्हणून नाव पडले रोटाव्हायरस. हगवण म्हटली की आपल्याला उन्हाळा, माश्या आणि उघड्यावरचे खाणे आठवते. या विषाणूचा जोर मात्र आपल्याकडे थंडीत. आधी उलट्या आणि ताप, मग जुलाब, हीच त्याची चाल. लस येण्यापूर्वी या एका जंतूने भारतात दरवर्षी सुमारे ७८ हजार मुले दगावत असत असा अंदाज आहे. इस्पितळात भरती करावी लागणारी मुले पावणेनऊ लाखांच्या घरात.

दुसऱ्या दिवशी बाळीची लस होती. उन्हाआधी पोचावे म्हणून सकाळीच निघालो: भाची, तिची सासू, बाळी आणि छत्री धरायला मी. आरोग्य केंद्रात बाकावर मराठी, तेलुगू, हिंदी, बंगाली अशा चार भाषांत लेकरे रडत होती. अर्थात रडण्याची भाषा एकच. सिस्टरांनी निळी पेटी उघडली. आत चारी बाजूंनी बर्फाच्या चपट्या पिशव्या आणि मध्ये कुप्या.

इंजेक्शनांना विहीणबाईंचा विरोध नव्हता. पण पाजायच्या लशीचे नाव ऐकून त्यांनी विचारले, "हे काऊन जी? आमच्या घरी तर फिल्टरचं पाणी आहे. गरिबाच्या लेकरांना पाजा ना हे."

प्रश्न मला ओळखीचा वाटला. पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांत तो मी ऐकला आहे. एकदा स्वतःच विचारलाही आहे.

सिस्टर हसल्या. "आई, हा जंतू घर पाहून येत नाही जी. हातावरून येते, खेळण्यावरून येते. पाच वर्षांची होईतो एकदा तरी गाठतेच लेकराला."

आणि हे खरेच आहे. स्वच्छ देशांतली मुलेसुद्धा या विषाणूच्या तावडीतून सुटत नसत. स्वच्छता हवीच, पण ती एकटी इथे पुरी पडत नाही. लस हवी ती म्हणून.

मग सिस्टरांनी कुपीवरचे एक चित्र मला दाखवले. गोलाच्या आत चौकोन. लशीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. गोलाच्या रंगाला पोचला की कुपी फेकायची. "आमच्या चंद्रपूरच्या उन्हात याच्याकडे पाहिल्याबिगर हात नाही लावत," त्या म्हणाल्या. बाहेर पत्रे तापून कडकडत होते. चौकोन अजून पांढुरका होता. कारखान्यापासून या बाकापर्यंत किती माणसांनी तो पांढुरका राखला असेल, याचा मी विचार करीत राहिलो.

या लशीची जन्मकथाही ऐकण्याजोगी आहे. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्स इस्पितळात नवजात बालकांना रोटाव्हायरसची लागण झाली, पण ती आजारी पडली नाहीत. उलट पुढे त्यांना या आजारापासून संरक्षण मिळाल्याचे दिसले. डॉ. महाराज किशन भान यांनी त्या सौम्य विषाणूचा पिच्छा पुरवला. हैदराबादच्या भारत बायोटेकने त्यापासून लस बनवली. तिची चाचणी ६,७९९ बालकांवर दिल्लीत, वेल्लोरला आणि आपल्या पुण्याजवळच्या वढू परिसरात झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची दुसरी लस आफ्रिकेतल्या नायजर या तापलेल्या देशात कसाला लागली. २०१६ साली चार राज्यांत ही लस सरकारी कार्यक्रमात मोफत सुरू झाली, २०१९ साली महाराष्ट्रात. सहा, दहा आणि चौदा आठवडे, असे तीन डोस.

ही लस म्हणजे कवचकुंडले नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. भारतातल्या चाचणीत पहिल्या वर्षी गंभीर आजार निम्म्याहून थोडे अधिक टळले. शिवाय हगवणीचे इतर जंतू आहेतच. क्वचित एखाद्या बालकाला लशीनंतर आतड्यात आतडे अडकण्याचा त्रास होऊ शकतो. राहून राहून कळवळून रडणे, उलट्या, शौचात रक्त दिसले तर तडक इस्पितळ गाठावे. आणि जुलाब लागलेच तर आईचे दूध चालू ठेवावे, मीठ-साखरेच्या पुडीचे पाणी आणि चौदा दिवस झिंक द्यावे. त्या पुडीचा प्रताप १९७१ साली डॉ. दिलीप महलानबीस यांनी बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत जगाला दाखवला. बाळूला जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

बाळीच्या ओठाच्या कोपऱ्यातून सिस्टरांनी सावकाश लस पाजली. तिने तोंड वेडेवाकडे केले, मग जीभ फिरवून चव घेतली. विहीणबाई म्हणाल्या, "गोड दिसते वाटते!" आणि पुढच्या तारखेचे कार्ड त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवले.

त्या रात्री पंखा गरम हवा फिरवीत होता. सगळे झोपल्यावर मी उठलो, स्वयंपाकघरातून फुलपात्र भरून आणले आणि बाळीच्या उशाशी ठेवले. भाचीने अंधारात डोळे उघडले.

"मामा, सहा महिने तिला वरचं पाणीसुद्धा द्यायचं नसतं. नुसतं माझं दूध."

"ठाऊक आहे ग," मी म्हणालो.

पण फुलपात्र तिने उचलले नाही. दूर कुठली तरी गाडी नदीच्या पुलावर धडधडत गेली. पहाटे तहान लागली तेव्हा ते पाणी मीच प्यायलो. बाळी शांत झोपली होती.