दुसऱ्यांदा आलेला देवदूत

आमच्या धर्मग्रामात आजाऱ्यांना भेटी देणारा आमचा छोटा गट आहे. ईस्टरनंतर आमची एक भगिनी खोल नैराश्यातून बरी होऊन इस्पितळातून घरी आली. तिला भूल देऊन विजेचे उपचार, म्हणजे ईसीटी, द्यावे लागले होते. ती पुन्हा जेवू लागली, बोलू लागली. आम्ही देवाचे आभार मानले. मग तिच्या सासूबाईंनी विचारले, "प्रभूने बरे केले ना? मग आता गोळ्या कशाला? हा अविश्वास नाही का?"

तिच्या इच्छेने आम्ही हा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवला. ते म्हणाले, ईसीटी माणसाला लवकर वर काढते, पण पुढे सांभाळत नाही. पहिले सहा महिने फार जपायचे. २००१ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ईसीटीने बरे झालेल्यांपैकी ज्यांना पुढे नुसत्या औषधहीन गोळ्या दिल्या, त्यांच्यात सहा महिन्यांत शंभरांत ८४ जणांचा आजार उलटला. नॉर्ट्रिप्टिलीन घेणाऱ्यांत हे प्रमाण ६० होते आणि सोबत लिथियम घेणाऱ्यांत ३९. काहींना ठरावीक अंतराने ईसीटीही चालू ठेवतात.

म्हणजे औषध मोठा आधार आहे, पण हमी नाही. म्हणून लक्षही ठेवावे लागते.

एलिया संदेष्टा आठवा. रानात झुडपाखाली तो मरण मागत झोपला होता. देवदूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिले. तो जेवला आणि पुन्हा आडवा झाला. देवदूत रागावला नाही. तो दुसऱ्यांदा आला, त्याला पुन्हा खाऊ घातले, कारण वाट लांब होती. मगच एलिया चाळीस दिवस चालून होरेब डोंगरापर्यंत पोहोचला. दुसरी भाकर खाणे हा अविश्वास नव्हता.

हे सासूबाईंना पटले. आता रात्रीची गोळी त्याच आठवणीने देतात. लिथियमसाठी रक्त तपासायला आमच्यापैकी कोणीतरी सोबत जाते. पहाटे तीनला जाग येणे, जेवण टाळणे, माणसे नकोशी होणे, या तिच्या खुणा तिनेच कागदावर लिहून दिल्या आहेत. त्या दिसल्या की रविवारची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा, असे ठरले आहे. सध्या पाचवा महिना चालू आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, तुमच्या घरी असे कोणी असेल, तर बरे वाटते म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका. आणि शेजारी असे कोणी असेल, तर एकदा भेटून थांबू नका. प्रभू आम्हा सर्वांना दुसऱ्यांदा जाण्याची बुद्धी देवो. आमेन.