पुढचं वल्हं

आमच्या निमोण्यात शेतकऱ्याच्या घरचे नवरा-बायको जन्मभर एकाच रानात राबतात, पण एकमेकांच्या शेजारी निवांत बसलेले कधी दिसत नाहीत. कांद्याच्या लागणीला ते पाणी धरतात आणि ती बायांच्या रांगेत वाकलेली असते. पहाटे एकजण धार काढतो, दुसरं शेण भरतं. रात्रपाळीची वीज आली की ते बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातात, आणि बिबट्याच्या धास्तीनं ती पायरीवर बसून राहते, ते परत येईपर्यंत. आमचाही संसार असाच झाला. म्हणून यंदा ऊस तुटून गेल्यावर मुलगा आणि सून म्हणाले, गोठा आम्ही बघतो, तुम्ही दोघं अंदमानला जाऊन या, तेव्हा मला आधी गाईच आठवल्या. दोन वेळची धार कुणाला चुकते?

मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी सेल्युलर जेलच्या ओढीनं. 1911 साली सावरकरांना जिथं आणलं, त्या कोठडीपुढं आम्हीही हात जोडले. त्या संध्याकाळी दोघंही गप्पच होतो. पण मला सांगायचं आहे ते त्यापुढच्या बेटाचं. पूर्वी त्याला हॅवलॉक म्हणत, 2018च्या डिसेंबरपासून ते स्वराज द्वीप झालं. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, बोटीनं दीड-दोन तासांवर.

तिथं सूर्य लवकर उगवतो. घड्याळ आपलंच, पण बेट आपल्यापासून इतकं पूर्वेला की आमच्या गावापेक्षा तासभर आधीच फटफटतं. जाग तर रोजच्यासारखी आलीच, पण उठून करायचं काहीच नव्हतं. हे खोलीच्या बाहेर ओट्यावर बसलेले. मी गेले, शेजारी बसले. नारळाच्या झापांमधून उजेड येत होता. बराच वेळ आम्ही दोघं नुसते बसलो.

त्या दिवशी भरती सकाळची होती, म्हणून कयाकसाठी सकाळचीच वेळ मिळाली. खारफुटीच्या खाडीत कयाक घालायची तर भरतीच लागते. ओहोटीला तिथं निव्वळ चिखल उरतो. आमच्या भागात चिंचणीला घोड धरण आहे. त्याचं आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, यावर गावोगाव बैठका होतात, निवेदनं जातात. इथं समुद्र दिवसातून दोनदा आपणहून आत येत होता आणि दोनदा परत जात होता. यांना त्याचं फार नवल वाटलं. काठावर उभे राहून ते मुळांवरच्या ओल्या खुणा बघत राहिले. पाणी कुठवर चढतं ते बघत होते.

कयाक म्हणजे लांबोडी, अरुंद होडी. दोघांची असते, एकापुढे एक बसायचं. प्रत्येकाच्या हातात एक वल्हं, दोन्ही टोकांना पातं असलेलं. होडीवाला मुलगा तिथलाच, बंगाली घरातला. त्यानं आम्हाला लाइफ जॅकेटं घातली, पट्टे ओढून बघितले आणि मला म्हणाला, "दीदी, तुम्ही पुढे." मी यांच्याकडे पाहिलं. गावात वाटेनं चालतानासुद्धा मी दोन पावलं मागं असते. शिवाय मला पोहता येत नाही. आमच्याकडं पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, मुली काठावर कपडे सांभाळत बसतात. पण मुलानं नीट समजावून सांगितलं. वजनदार माणूस मागं बसतो आणि होडी वळवायचं काम त्याचं. वल्ह्याचा ताल मात्र पुढच्यानं धरायचा, कारण पुढच्याला मागचा दिसत नाही, मागच्याला पुढचा दिसतो. पुढचं वल्हं ज्या बाजूला पडेल, त्याच बाजूला, त्याच वेळी मागचं पडलं पाहिजे.

सुरुवातीला वल्ही एकमेकांवर आपटली, होडी गोल फिरली. यांना घाई. सगळं आयुष्य पाण्याच्या, विजेच्या, ऊसतोडीच्या टोळीच्या मागं धावण्यात गेलेलं, हात सावकाश चालायला तयारच होत नव्हता. मी म्हटलं, "अहो, माझ्याकडं बघून मारा ना." मग मागून काहीच आवाज आला नाही. मी उजवीकडं वल्हं टाकलं, मागं तसंच पाणी वाजलं. डावीकडं टाकलं, तसंच. होडी सरळ निघाली. मला ते दिसत नव्हते, पण माझ्या हाताकडं बघून ते हात चालवताहेत हे पाण्याच्या आवाजावरून कळत होतं. मी जरा दमले की तेही हळू होत. लग्नानंतर माझ्या चालीनं ते असे पहिल्यांदाच चालले असतील. मला फार बरं वाटलं.

खाडी आत जाऊन अरुंद झाली. दोन्ही अंगांना खारफुटी, मुळं बुंध्यातून निघून कमानीसारखी पाण्यात उतरलेली. फांद्यांना शेवग्यासारख्या हिरव्या शेंगा लोंबत होत्या. मुलगा म्हणाला, ती शेंग नाही, रोप आहे. बी झाडावरच रुजतं, तिथंच वाढतं आणि मग खाली चिखलात पडतं. हे मागून म्हणाले, "होडी थांबव जरा." धरणाखालच्या पट्ट्यात पाणी जास्त झालं की जमीन खारवटते, पांढरी फटक पडते, मग तिच्यात काही येत नाही. शेतकऱ्याला मीठ म्हणजे रान गेल्याची खूण. आणि हे झाड मिठाच्याच पाण्यात उभं राहून, बहुतेक मीठ मुळांशीच अडवून गोडं पाणी आत घेतं. यांनी एका मुळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

परतताना मुलानं घरची हकिगत सांगितली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं या बेटांवर जमिनी दिल्या. त्याचे आजोबा त्यांतलेच. जंगल साफ करून त्यांनी भात लावला, सुपारी लावली. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही गावं अशीच वसली. पर्यटकांना इथं फक्त किनारे दिसतात. आम्हाला रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली सुपारी दिसली, आणि एका म्हातारीजवळ थांबून यांनी सुपारीचा भाव विचारलाच.

दुपारनंतर राधानगरच्या किनाऱ्यावर गेलो. 2004 साली टाइम मासिकानं हा आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवला होता. पांढरी मऊ वाळू आणि मागं उंच झाडांचं दाट रान. मगरीच्या भीतीमुळं रक्षक सांगतील तेवढ्याच भागात पाण्यात उतरायचं. आम्ही गुडघाभर पाण्यात हात धरून उभे राहिलो. गावात चारचौघांत असा हात धरला नसता. मग हे झाडाखाली आडवे झाले आणि झोपले. दिवसाउजेडी, मोबाइल बंद करून, तोंडावर टोपी न घेता. त्यांच्या तळपायांच्या भेगा मी इतक्या जवळून, इतक्या निवांतपणे कधी बघितल्या नव्हत्या. तासभर मी तिथंच बसून होते. साडेपाचच्या सुमाराला सूर्य समुद्रात गेला, तेव्हा मी त्यांना उठवलं. घरी ती धारेची वेळ. त्यांनी फोन चालू केला, सुनेचा निरोप होता : दूध घातलं, गाई बऱ्या आहेत.

गावाकडच्या पोरांना आणि सुनांना माझं एवढंच सांगणं आहे. उसाचं बिल येईल तेव्हा त्यातले थोडे पैसे बाजूला काढा, आणि उन्हाळी कांदा काढणीला येण्याआधी आई-वडिलांना पाणी दिसेल अशा ठिकाणी दोघांनाच पाठवा. अंदमान जमलं नाही तर मालवण आहे, देवबाग आहे, तारकर्ली आहे. तेवढे दिवस गाईंची धार तुम्ही काढा.